शिशीवरचं नाव

लघवीची शिशी काउंटरवर आडवी ठेवू नये. झाकण घट्ट लावावं. नाव शिशीवर लिहावं, झाकणावर नाही. ही तीन वाक्यं मी एकतीस वर्षं रोज बोलले आणि एकतीस वर्षं रोज काउंटर पुसून फडका पिळला. झाकणावर नाव लिहिणाऱ्यांना मी विचारायची, "झाकणं काढून बाजूला ठेवली की कोणाची शिशी कोणती, हे मी ओळखायचं कसं? वासावरून?" लोक हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा झाकणावरच नाव लिहून आणायचे.

वर्धा जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी लघवीच्या टेबलावर होते. देवळीहून सकाळची बस पकडायची आणि दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. शेजारच्या टेबलावर रक्त तपासणाऱ्या माझ्या मैत्रिणीला लोक 'लॅबवाल्या मॅडम' म्हणत आणि मला 'लघवीवाल्या बाई'. लग्नकार्यात कोणी काय करता विचारलं तर मी 'दवाखान्यात आहे' एवढंच सांगायची. मग लोक मला नर्स समजून बीपीच्या गोळ्या विचारायचे, ते परवडायचं. या अंकाच्या संपादकांनी 'अनुभव लिहा' म्हटलं तेव्हा मी बजावलं होतं की हा फराळाबरोबर वाचायचा विषय नाही. ते ऐकेनात. तेव्हा हातात चकली असेल तर आधी ती संपवा.

माणसं काय काय घेऊन यायची! एकाने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत लघवी आणली, बाटली न धुता. तपासली तर साखरच साखर. घरच्यांनी तिथेच रडारड सुरू केली. एका गुरुजींना चोवीस तासांची सगळी लघवी साठवून आणायला सांगितलं होतं, तर ते बोटभर शिशी घेऊन आले. म्हणाले, "सगळी कायले आणू? चांगली चांगली निवडून आणली." गिरडच्या एका म्हाताऱ्याने स्वतःचा पडलेला मुतखडा काडेपेटीत कापूस घालून आणला होता. मी तो तपासणीला पाठवते म्हटलं तर हातातून सोडेना. "परत भेटन नं बाई? लई तरास देऊन पडला हाय तो." या सगळ्यांवर मी चिडायची. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा नाही यायचं, कारण मागे चाळीस शिशा रांगेत असायच्या.

काम तसं सोपं आहे. शिशीत एक पट्टी बुडवायची. तिचे रंग बदलतात आणि त्यावरून साखर, प्रथिनं, लघवी किती घट्ट की पातळ हे कळतं. मग थोडी लघवी नळीत घालून मशीनवर गरगर फिरवायची, तळाशी गाळ बसतो, त्याचा एक थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहायचा. त्या गाळात आजार दिसतो. सगळ्यात जास्त भांडण व्हायचं ते पांढऱ्या पेशींवरून. रिपोर्टात पांढऱ्या पेशी जास्त दिसल्या की गावचा डॉक्टर म्हणणार इन्फेक्शन, आणि लिहून देणार जंतू मारायच्या गोळ्या. जंतू असोत की नसोत. मी वैतागून कितीदा सांगितलं असेल की पांढऱ्या पेशी दिसल्या म्हणजे जंतू असतीलच असं नाही. किडनीला दुखापत झाली तरी त्या येतात.

हे मी पेशंटना माझ्या पद्धतीने समजवायची. समजा एखाद्याच्या गोठ्याला आग लागली. सगळं गाव धावतं. बादल्या येतात, बांबू येतात, कोणी छपराची कवेलू फोडतं, कोणी बाजूची भिंत पाडतं, उभ्या भाज्या पायाखाली जातात. आग विझते, पण निम्मं नुकसान विझवणाऱ्यांनीच केलेलं असतं. किडनीत पांढऱ्या पेशी धावून येतात ते असं. मग दुसऱ्या दिवशी त्यातलीच काही माणसं पुन्हा येतात, या वेळी गुपचूप. राख उचलतात, लाकडं बाजूला काढतात, नवं छप्पर घालू लागतात. किडनी बरी होते ती या दुसऱ्या दिवसाच्या कामाने. पण कधीकधी पहिल्या दिवसाची गर्दी घरी जातच नाही. बसून राहते, तोडफोड करत राहते, आणि शेवटी त्या जागी नुसता व्रण उरतो. व्रण लघवी गाळत नाही. म्हणून डॉक्टर अशा पेशंटला स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, म्हणजे गर्दीला घरी पाठवतात. फक्त हे सगळं वेळेत व्हावं लागतं.

मंदाची गोष्ट या वेळेचीच आहे.

मंदा रोहण्याची. पन्नाशीच्या आतली, घरची थोडी शेती, आणि गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवून देणारी. मशीनवर बसून कंबर धरायची, म्हणून तिने मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून खाल्ल्या. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सहा-सात महिने, सकाळ-संध्याकाळ. तिला पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "मी तं कोनतंच औषध घेत नाई बाई." दुखण्याची गोळी आमच्याकडे औषधात धरतच नाहीत. चहासारखी घेतात.

तोंडाला चव नाही, पायावर सूज, लघवी बदललेली, अशी ती आली तेव्हा रक्ताचा रिपोर्ट बराच बिघडला होता. तिच्या लघवीच्या गाळात पांढऱ्या पेशी होत्या आणि त्यांचे साचेही होते. साचे म्हणजे काय, तर किडनीच्या बारीक नळीत पेशी एकमेकींना चिकटून नळीच्याच आकाराची कांडी होते आणि तशीच्या तशी लघवीत पडते. ती दिसली की समजायचं, गर्दी मूत्राशयात नाही, थेट किडनीत घुसली आहे. जंतू एकही नव्हता. आमच्या किडनीच्या डॉक्टरांनी, माझ्या मुलाच्या वयाचे होते ते, सुई घालून किडनीचा बारीक तुकडा तपासला. तोही पांढऱ्या पेशींनी भरलेला. कारण गोळ्या. दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या आणि स्टेरॉइड सुरू झालं. आठवड्याला रक्त आणि सकाळची पहिली लघवी.

मंदा मला आवडायची. शिशी उभी ठेवायची, झाकण घट्ट लावायची आणि नाव शिशीवर लिहायची. अशी माणसं मला नोकरीत दहा भेटली असतील. सोबत नेहमी तिची जाऊ शोभा असायची. दोघींचं पटत नव्हतं हे कोणीही सांगितलं असतं. बाकावर दोघींच्या मध्ये एक पिशवी ठेवलेली असायची आणि दोघी दोन दिशांना पाहत बसायच्या. "घरात साखर सरली तं ही वाटीभर देत नाई," मंदा मला कानात सांगायची. पण तिचा नवरा शेतात आणि मुलगी कॉलेजात, म्हणून शोभा यायची.

पहिले काही आठवडे ठीक गेले. रक्ताचा आकडा, किडनी बिघडली की चढणारा, उतरू लागला. नवऱ्याने मात्र घोळ घातलाच. मोबाइलवर कोणीतरी पाठवलेला, प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा तो तिला रोज पाजू लागला. मी कपाळावर हात मारला. इकडे डॉक्टर आग विझवायला आलेल्या गावाला हात जोडून घरी पाठवताहेत आणि हा गृहस्थ वेशीवर उभा राहून दवंडी पिटतो आहे! फोनवर त्याला झाडला. तो म्हणाला, "झाडपाल्याचं हाय बाई, त्यानं काय होते?" मी म्हटलं, "धोतऱ्याचं झाडही झाडपालाच असतं, ते पाजशील का?" काढा बंद झाला.

मग सोयाबीनच्या सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, दिवसांत मंदाची शिशी आली. मी गाळ पाहिला आणि खुर्चीत मागे टेकले. स्वच्छ. एक साचा नाही, पेशी नावाला दोन-तीन. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या मैत्रिणीला बोलावून दाखवलं. रिपोर्ट लिहिला, सही केली, आणि खिडकीतून मंदाला ओरडून सांगितलं, "साफ झाली गं!" ती हसली. तिचं तोंड त्या गोळ्यांनी चांगलंच फुगलं होतं, त्यामुळे डोळे दिसेनासे झाले. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या.

पुढच्या आठवड्यातही लघवी स्वच्छ. गोळ्या आणखी कमी. पण रक्ताचा आकडा उतरायचा थांबला होता, आणि तिसऱ्या आठवड्यात तो वर चढला. त्या सकाळी डॉक्टर स्वतः माझ्या टेबलापाशी आले. थकलेले दिसत होते.

"मंदाताईंची लघवी आजही साफ आहे?"

"आताच आली आहे, बघते. पण मागच्या दोन एकदम साफ होत्या सर."

"मग पेशी गेल्या आहेत. म्हणजे आता जे उरलं तो व्रण. त्यावर गोळ्यांचा उपयोग नाही, नुसता त्रास. बंद करू या. पुढेमागे डायलिसिसचं त्यांच्या कानावर घालावं लागेल."

ते गेले. मी तिची शिशी घेतली, पट्टी बुडवली आणि रंग बघत बसले. लघवी घट्ट. चांगली घट्ट, उन्हात राबून कमी पाणी प्यायलेल्या माणसाची असते तशी. मला काहीतरी खटकलं. बिघडलेल्या किडनीला पहिली कोणती गोष्ट जमेनाशी होत असेल तर ती लघवी घट्ट करणं. तिची लघवी नेहमी पाण्यासारखी असते, सकाळची असली तरी. शिवाय स्टेरॉइडने साखर वाढते, त्यामुळे ते सुरू झाल्यापासून मंदाच्या लघवीत दर वेळी थोडी साखर दिसायची. या शिशीत साखरेचा मागमूस नव्हता. मी गाळ फिरवून पाहिला. स्वच्छ, अर्थातच.

मी शिशी घेऊन बाहेर आले. दोघी जावा बाकावर बसल्या होत्या. आज मध्ये पिशवी नव्हती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"मंदा, ही कोणाची लघवी आहे?"

"माह्यीच हाय नं बाई. नाव लिवलं हाय शिशीवर."

"नाव लिहिलंस ते दिसतंय मला. तुझी किडनी आजारी आहे. तिला एवढी घट्ट लघवी करता येत नाही. ही सोयाबीन सोंगून आलेल्या धडधाकट बाईची आहे. कोणाची आहे?"

मंदाने शोभाकडे पाहिलं. शोभाने पदर तोंडाला लावला.

"आवं बाई, हळू बोला नं," मंदा म्हणाली. "लोकं पाहून राह्यले."

"पाहू देत! तिकडे डॉक्टर तुझी औषधं बंद करायला निघालेत, डायलिसिसचं बोलताहेत, आणि तू मला फसवतेस? इतक्या वर्षांत असा मूर्खपणा पाहिला नाही मी!" मी खरंच ओरडत होते. रांगेतली माणसं आपापल्या शिशा विसरून बघत होती. रक्ताच्या टेबलावरची मैत्रीण दारात येऊन उभी राहिली.

शोभाच बोलली शेवटी. "माह्यी हाय बाई. मीच म्हटलं हिले, माह्यी घेऊन जा. माह्यी साफ हाय."

वाटीभर साखर न देणारी जाऊ लघवी द्यायला तयार झाली होती, तीही तीन आठवडे. मला रागात हसू आलं असतं, पण मंदा रडायला लागली.

"पोरीचं साक्षगंध हाय नं बाई, पंधरा दिसांनं. पाव्हणे पाह्यले आलते तवा माह्यं तोंड बरं होतं. आता पाहा, भोपळा झाला. ते म्हणतीन, मायले काई तरी मोठी बिमारी हाय, उद्या पोरीले बी होईन. डॉक्टर म्हणले होते, लघवी साफ झाली का गोळ्या कमी करू. गोळ्या कमी झाल्या का तोंड उतरन. मंग साक्षगंध झालं का पुन्हा घेतो म्हटलं गोळ्या. कुठी पळून चालल्या त्या?"

गोळ्या पळत नाहीत, किडनी पळते, असं मी म्हणाले असेन. नीट आठवत नाही. तिचा दंड धरून मी तिला संडासापर्यंत नेलं, हातात नवी शिशी दिली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. आतून ती म्हणाली, "कोनी बाहेर उभं राह्यलं तं येत नाई बाई." मी नळ सोडला.

ती शिशी घेऊन मी टेबलाशी बसले. डॉक्टर म्हणाले तसा व्रण झाला असेल तर या खऱ्या लघवीतही फारसं काही दिसणार नव्हतं, आणि मग तिच्यासाठी करण्यासारखंही काही उरणार नव्हतं. थेंब काचेवर घेतला, डोळा लावला. पेशी. पेशींचं गचपण. साचे, एक, दोन, तिसरा कडेला. एवढी घाणेरडी लघवी बघून एखाद्या माणसाला आनंद झालेला मी तरी ऐकलेला नाही. गर्दी अजून आत होती. म्हणजे अजून तिला घरी पाठवता येणार होतं. मी काच तशीच ठेवून जिना चढले आणि डॉक्टरांना पेशंटसमोरून उठवून खाली आणलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"चालू आहे अजून," ते म्हणाले. "करता येईल काहीतरी."

त्यांनी मंदाला एक शब्द बोलून दाखवला नाही. गोळ्या पुन्हा वाढवल्या. रक्ताचा आकडा आधी थांबला, मग हळूहळू उतरला. पूर्वीच्या जागी मात्र तो गेला नाही. डायलिसिस टळलं, पण किडनीचा एक हिस्सा कायमचा गेला. त्या तीन आठवड्यांमुळे गेला का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, असेल, नसेल, कोणी सांगू शकत नाही. तिला आता जन्मभर जपून राहायचं आहे.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, ती तशीच फुगलेल्या तोंडाने बसली. तिनेच नंतर सांगितलं की पाव्हण्यांपैकी एकानेही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, सगळे जेवणाकडे पाहत होते. एवढ्यासाठी एवढं रामायण! मला तेव्हाही संताप आला आणि आताही लिहिताना येतो आहे.

मुलीच्या लग्नाला तिने मला आग्रहाने रोहण्याला बोलावलं. मांडवात हात धरून प्रत्येकाला सांगत सुटली, "ह्याच त्या बाई. यायच्या नजरेतून काईच सुटत नाई. यायनं पकडलं म्हून मी हाय." शोभा वाढत होती, तिने माझ्या पानात न विचारता आणखी दोन वडे टाकले. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी मान खाली घालून जेवले आणि पहिली बस पकडून परत आले.

कारण त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. मंदावर ओरडून झाल्यावर, त्याच दुपारी, मी रजिस्टरमधलं मंदाचं पान उघडलं होतं. शोभाची पहिली शिशी आली तो दिवस काढला. घनता जास्त, साखर नाही. दोन्ही गोष्टी माझ्याच अक्षरात लिहिलेल्या, खाली माझी सही. त्याच्या वर, आदल्या आठवड्यात, घनता कमी, साखर आहे, तेही माझ्याच अक्षरात. दोन ओळी वरखाली पाहायचा अवकाश होता. पण गाळ साफ दिसला, मला आनंद झाला, आणि मी वर पाहिलंच नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. दुसऱ्याच्या निष्काळजीपणावर एकतीस वर्षं तोंडसुख घेणारी मी, मला हवा तसा रिपोर्ट दिसल्यावर सही करून मोकळी झाले होते.

हे मी कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरांना नाही, मैत्रिणीला नाही. निवृत्त झाले तेव्हाही नाही.

मंदा अजून तपासणीला जाते. परतताना वाट वाकडी करून देवळीला माझ्याकडे येते, कधी तुरीच्या शेंगा आणते, कधी नुसतीच येते. या वर्षी ती आली तेव्हा हा लेख लिहायला घेतला होता. तिच्याबद्दल लिहिते आहे म्हटल्यावर ती खूश झाली. म्हणाली, "नजरेतून काई सुटत नाई, हे लिवजा." तेव्हा मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. पहिली शिशी, दुसरी शिशी, घनता, साखर, सही. पहिल्याच दिवशी पकडता आलं असतं, तुझे दोन आठवडे माझ्यामुळे गेले, असं स्पष्ट शब्दांत सांगितलं.

तिने चहा बशीत ओतला, पुन्हा कपात ओतला. मग माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाली, "मंग बाई, त्या दिवशी सगळ्यायसमोर माह्यावरच काऊन बोंबलल्या तुम्ही?"

चहा संपवून ती उठली, पिशवीतून पुढच्या तपासणीची रिकामी शिशी काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली, उभी.

"घ्या, लिवून द्या माह्यं नाव," ती म्हणाली. "शिशीवर. झाकणावर नाई."

मी पेन शोधलं आणि तिचं नाव लिहून दिलं.